नवरदेवाचा कान कोणी पिळायचा

माण तालुक्यातल्या आमच्या वाडीपासून सांगली जिल्ह्यातलं ते गाव नकाशावर बोटाच्या दीड पेरावर आहे. तरी आमच्या घरातलं कोणी कधी तिकडे गेलं नव्हतं. आमच्याकडची माणसं गाव सोडतात ती मुंबईसाठी. लग्नाला म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात, तेही नातं नसलेल्यांच्या घरी जायचं, हे आईला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले.

मी साताऱ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रतीक्षा माझ्या वर्गात आहे. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्ही एका टेबलावर असतो. काचेच्या नळ्या ती धरते, कारण माझा हात थरथरतो, आणि आकडे मी लिहितो, कारण तिचं अक्षर तिलाच लागत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं, आरतीताईचं, लग्न होतं. ‘मैत्रीण’ हा शब्द आमच्या घरात अजून कोणी वापरलेला नाही. म्हणून आईला मी “वर्गातल्यांच्यात लग्न हाय” एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आईने आहेर म्हणून एक घोंगडं दिलं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, काळंभोर, काठाला पांढरी रेघ. मी म्हणालो, “आता थंडी सरली, आई.” ती म्हणाली, “लगीन काय एका थंडीपुरतं असतं व्हय?”

कोरेगाव ते भिलवडी

आम्ही पाच जण जाणार होतो. ठरलं होतं ते असं, की शुक्रवारी सकाळी कोरेगावच्या स्टेशनावर सगळ्यांनी जमायचं आणि पॅसेंजरने भिलवडीला उतरायचं. मी दहिवडीहून एसटीने अर्धा तास आधीच पोहोचलो. मग फोन येत गेले. एकाच्या चाचणी परीक्षेचा अभ्यास राहिला होता. दोघांना घरून सोडत नव्हते. चौथ्याने फोनही केला नाही, रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. गाडी आली तेव्हा फलाटावर घोंगडं खांद्यावर घेतलेला मी एकटाच होतो.

परत जावं का, असं मनात आलं. मित्र-मैत्रिणी मिळून कोणाच्या तरी लग्नाला जातात आणि तिथून येईपर्यंत त्यातले दोघं प्रेमात पडतात, असे पिक्चर आम्ही होस्टेलवर एका मोबाइलला पाच डोकी लावून पाहिले आहेत. त्यातला मित्र इस्त्रीच्या कुडत्यात असतो, त्याला नाचता येतं आणि तो कधी एकटा पडत नाही. मला यातलं काही येत नव्हतं. पण प्रतीक्षाचा मेसेज आला, “निघालास ना?” आणि मी गाडीत चढलो.

डब्यात समोर बसलेल्या माणसाने घोंगडं चिमटीत धरून पाहिलं आणि विचारलं, “केवढ्याला द्यायचं?”

“विकायचं नाही. आहेराचं आहे.”

“आहेराला घोंगडं?” तो शेजारच्याकडे वळला. “आवं, बगा, आता साड्या बंद झाल्या.” भिलवडी येईपर्यंत त्याने दोनदा भाव वाढवून पाहिला.

कऱ्हाड मागे पडलं तसा खिडकीबाहेरचा रंग बदलत गेला. आमच्याकडे या दिवसांत जमीन पिवळी, मग पांढरी होते. इथे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि त्यामधून पाण्याचे पाट, कोणी राखण करत नसलेले. आमच्याकडे एवढं पाणी दिसलं तर माणसं बघायला येतील.

स्टेशनावर प्रतीक्षा स्कूटी घेऊन आली होती. “बाकीचे?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, “बस. एक आला तेवढं बरं झालं.” ‘एक’ म्हणजे कोणीही एक, की मी, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं तर अजूनही नक्की सांगता येत नाही.

कॉलेजात ती माझ्याइतकीच मागच्या बाकावरची. इथे मात्र ती उसाच्या ट्रॉलीला खेटून स्कूटी चालवत होती, आणि चालत्या ट्रॉलीतून एक ऊस ओढून तिने तो माझ्या हातात दिला. तो धरायच्या नादात माझा घोंगड्यावरचा हात सुटला. घोंगडं घसरलं ते थेट पाटात. मी पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून उतरलो आणि ते बाहेर काढलं. ओलं घोंगडं किती जड होतं हे ज्याने उचललं त्यालाच माहीत. प्रतीक्षा काठावर पोट धरून हसत होती. मलाही हसू आलं. मी भिजलेला होतो, आहेर भिजलेला होता, आणि मला गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

लग्नघरी अंगणात मांडव घालणं चाललं होतं. तिथे सगळा कारभार आत्यांच्या हातात होता. आत्या म्हणजे प्रतीक्षाच्या वडिलांची थोरली बहीण. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, पण आत्यांपुढे तेही सावधानमध्ये उभे राहतात. आत्यांनी घोंगड्याचा वास घेतला.

“आहेर आणलाय का मेंढरू?”

“पाटात पडलं,” मी म्हणालो.

“कंच्या गावचा तू?” मी सांगितलं. “आडनाव?” तेही सांगितलं.

“बरं,” आत्या म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये आमची जात, आमची मेंढरं, सगळं त्यांना उमगलं असणार. पण लगेच त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा दिला, आणि घोंगडं मांडवाच्या सगळ्यात उंच मेढीवर वाळत घालायला लावलं. ते दोन दिवस निशाणासारखं तिथे होतं.

आण्णांच्या घरी

पाहुणे जास्त झाले की इथे ते शेजाऱ्यांच्यात वाटून देतात. मी शेजारच्या आण्णांच्या वाट्याला आलो. आण्णा जैन शेतकरी, पासष्टीचे, पांढरी टोपी, बोलणं कमी. साडेपाचला त्यांनी हाक मारली, “चल रं, जेवाय.”

मला वाटलं चहाला बोलावताहेत. आमच्याकडे मेंढरं वाड्यात आल्यावर, रात्री नऊला ताट होतं. आण्णा म्हणाले, “आमच्यात दिस मावळायच्या आत उरकत्यात. नंतर पानी बी न्हाई.” कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी मनात म्हटलं, मग उरलं काय? उरली होती ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दाण्याची चटणी, दही, आणि खपली गव्हाची खीर. गूळ, खोबरं, वेलदोडा घातलेली, दाताखाली गहू येणारी. मी तीन वाट्या खाल्ल्या. सूनबाई चौथी वाढायला आल्या तेव्हा लाजलो, आणि घेतली.

तासाभराने लग्नघरातून बोलावणं आलं, “पाव्हण्याला जेवाय पाठवा.” नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून तिथेही जेवलो. हा माझा स्वभाव आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शनिवार

सकाळी हळदीची तयारी चालू असतानाच सुभेदारांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा, म्हणजे आरतीताई आणि प्रतीक्षाचा एकुलता भाऊ सूरज, सैन्यात आहे. रात्री निघून लग्नाला पोहोचणार होता. त्याची सुट्टी रद्द झाली होती. सुभेदारांनी “ठीक हाय. ड्यूटी पहिली,” म्हणून फोन ठेवला, आणि मग ते बराच वेळ हौदाजवळ उभे राहिले.

रडणं झालं आणि मग भांडण सुरू झालं. ते कशावरून, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. लग्नात अक्षता पडल्यानंतर नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर बघ, असा त्याचा अर्थ. त्याला कानपिळी म्हणतात. आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे एका घरात चार-चार भाऊ असतात, आणि कोणी पिळला हे लक्षातही राहत नाही. इथे भाऊच नव्हता.

“माझा रोहित असताना दुसरा कोन?” प्रतीक्षाचे काका म्हणाले. “सख्ख्या चुलत्याचं पोरगं हाय.”

“शब्द आमाला दिलाय,” मावशीचे यजमान म्हणाले. “सूरज न्हाई आला तर आमचा अभि, असं दिवाळीतच ठरलंय.”

“दिवाळीत कुणी ठरवलं? आमी काय मेलो हुतो?”

“मग आमी आपलं जेवून जातो.”

“जेवताय कशाला? तसंच जावा की!”

एकाने खरोखरच गाडीची किल्ली काढली. रोहित आणि अभि एका खाटेवर बसून मोबाइलवर एकच व्हिडिओ बघत होते. त्यांना काही पडलेलं नव्हतं. आरतीताई मात्र दारात उभी होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. उद्या दुपारी मांडवात दोन्हीपैकी एक बाजू नसणार, हे तिला दिसत होतं.

“गप बसा की रं!” आत्या ओरडल्या. “दोगंबी न्हाईत. ह्यो पिळंल.”

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी सहा खुर्च्या एकात एक घालून नेत होतो.

“ह्यो कोन?” काकांनी विचारलं.

“माणचा पाव्हणा. ह्येचं कुनाशी वाकडं न्हाई आन् सरळ बी न्हाई. कुनाला राग याचं कारन न्हाई.” मग माझ्याकडे वळून, एकदम वेगळ्या आवाजात, “काय रं बाळा, हुशील का आमच्या आरतीचा भाऊ?”

मला बहीण नाही. आमच्या घरातल्या कोणाला असा मान कोणी कधी दिला नव्हता. तोही इतक्या पाण्याच्या, इतक्या उसाच्या गावात, आडनाव विचारून झाल्यानंतर. मी खुर्च्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, “हो.”

आरतीताई माझ्याजवळ येऊन रडली. काका म्हणाले, “हे बरं झालं.” किल्ली खिशात गेली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. फक्त प्रतीक्षा पायरीवर हळदीची वाटी घेऊन उभी होती, आणि ती अशी बघत होती जणू मी प्रॅक्टिकलमध्ये भलत्याच बाटलीतलं द्रावण ओतलंय.

थोड्या वेळाने ती मला पाण्याच्या टाकीमागे भेटली. “तुला कोण काय बी विचारलं की तू हो म्हणतोस का?”

“भांडण मिटलं ना?”

“मिटलं.”

“मग?”

“मग काय? लय शहाणा हायस.” आणि ती गेली.

त्यानंतर माझं नावच गेलं. “दादाला पाट द्या.” “दादाला विचारा मंडपवाला कवा येतोय.” मावशींनी हाक दिली, “प्रतीक्षा, दादाला चहा दे गं.” ती कप घेऊन आली. कॉलेजात ती मला “ए माणदेशी” म्हणते. इथे म्हणाली, “घ्या, दादा.” घ्या! मी कप तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

दुपारी हळद झाली. आमच्याकडे हळद म्हणजे हळद. इथे नवरीला लावून झाली की बादल्या निघतात. हौदातून भरायच्या आणि ज्याच्या त्याच्या अंगावर ओतायच्या. माझ्याही हातात एक बादली आली. मला ती ओतवेना. आमच्याकडे टॅंकर येतो त्या दिवशी आई भांडी धुतलेलं पाणीही लिंबाच्या झाडाला घालते. मी भरलेली बादली धरून उभा आणि समोर पोरी ओरडताहेत, “टाक की दादा! का उद्या टाकनार?”

प्रतीक्षा दोन्ही हात पिवळे करून एकेकाला गाठत होती. काकांना लावली, आत्यांना लावली, मंडपवाल्याला लावली. माझ्यासमोर आली. हात वर केला. थांबली. आणि वळून तो हात रोहितच्या दोन्ही गालांना पुसला.

“का गं, भावाला लावत न्हाईस व्हय?” कोणीतरी विचारलं.

“रोहितदादाला लावली की,” ती म्हणाली.

मी बादली खाली ठेवली. भावाला लावत नाहीत असं असतं तर मला समजलं असतं. पण तिने भावाला लावली, आणि मला नाही. मग मी कोण? आणि हळद लागली नाही म्हणून मला इतकं वाईट का वाटत होतं? कोरडा ठणठणीत उभा राहून मी विचार करत होतो, आणि विचार पुढे सरकत नव्हता. पिक्चरमध्ये या जागी गाणं सुरू होतं आणि माणसाला समजतं. तिथे कोणा मित्राला आदल्या दिवशी कानपिळीला उभं करत नाहीत.

संध्याकाळी, उजेड असतानाच, आण्णांच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, ताट आलं.

“भाऊ झालास म्हनं शेजारच्या घराचा,” आण्णा म्हणाले.

“एका दिवसापुरता,” मी म्हणालो.

आण्णांनी भाकरी मोडायची थांबवली. “एका दिवसाचं कोन म्हनलं तुला? आत्याबाईच्या लग्नात मी पिळलाय कान. सुभेदार तवा शाळंत हुता, थोरला भाऊ न्हाई. म्हाताऱ्यांनी मला उभा केला. मी बी हो म्हनलो. लगीन मोडाय नगं म्हनून.” मग भाकरीचा तुकडा मोडत, “चाळीस वर्सं झाली. दर भाऊबीजेला ओवाळती. एकदा बी चुकलं न्हाई.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. समाधान होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या वाटीत खीर वाढली आणि उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं जेवत राहिलो. चाळीस भाऊबिजा, मी मनात म्हणत होतो. दर वर्षी पाटावर मी, आणि समोर ताट घेऊन प्रतीक्षा. आणि तेव्हा, खिरीचा घास तोंडात असताना, मला एवढं पक्कं समजलं की मला ते नको आहे. काय हवं आहे ते समजलं नाही. पण हे नको.

रविवार

आता अडचण अशी होती की मी नाही म्हटलं तर काका आणि मावशीचे यजमान पुन्हा किल्ल्या काढणार. आरतीताईचं लग्न नासणार, आणि तेही माझ्यामुळे. हो म्हटलं तर मी कायमचा भाऊ. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. सकाळी आठलाच मला भगवा फेटा बांधून झाला होता.

आत्या मागच्या खोलीत एकट्याच अक्षता करत होत्या. परातीत तांदूळ, त्यावर कुंकू आणि तुपाचा हात. मी समोर बसलो आणि तांदूळ कालवायला लागलो, कारण नुसतं बसून मला बोलता आलं नसतं.

“आत्या, मला कान पिळता येणार नाही.”

“अवघड न्हाई त्यात काय. धरायचा आन् पिळायचा.”

“तसं नाही. मला प्रतीक्षाचा भाऊ व्हायचं नाही.”

त्यांचा हात थांबला. बाहेर सनईची टेप लागली होती.

“मग कोन व्हायचंय?”

“ते अजून मला माहीत नाही.”

“म्हाईत न्हाई!” आत्या म्हणाल्या. “फेटा बांधून बसलाय आन् म्हाईत न्हाई! काल हो म्हननारं तोंड कुनाचं हुतं रं?”

“माझंच.”

“तिला म्हाईत हाय?”

“काय?”

“तुला काय म्हाईत न्हाई ते!”

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आत्यांनी परात आपल्याकडे ओढली.

“आण्णाच्यात जेवलास काल?”

“हो.”

“काय म्हनला आण्णा?”

“काही नाही. खीर वाढली.”

“तसलाच हाय त्यो,” आत्या म्हणाल्या. त्यांनी मूठभर तांदूळ उगाच दुसऱ्यांदा कालवले. मग म्हणाल्या, “ऊठ. हात धू. फेटा असू दे, सोडलास तर चारजण इचारतील. आन् हे बग, तुझं घर कुठलं, आमचं कुठलं, ह्यात काय सोपं न्हाई. मी काय तुला पुढचं वचन देत न्हाई. आज फक्त भाऊ हु नगंस, एवढंच बगते.”

साडेबाराला अक्षता पडल्या. नवरदेव इस्लामपूरकडचा, शाळेत शिक्षक, मऊ चेहऱ्याचा. विधी होत होत भटजींनी विचारलं, “नवरीचा भाऊ कोण? पुढे या.”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. फेटा मला एकदम मोठा व्हायला लागला. मी अर्धा उठलो. तेवढ्यात आत्या मध्ये आल्या, हातात मोबाइल.

“भाऊ हाय की नवरीला! ड्यूटीवर हाय. त्योच सांगंल.”

फोनमधून आधी नुसता वारा ऐकू आला. मग सूरजचा आवाज, तुटक तुटक, वडिलांना हाक मारत. “आबा... माझ्या जागी... प्रतीक्षा पिळंल. ऐकलं का सगळ्यांनी? हुकूम हाय माझा. प्रतीक्षे, जोरात पिळ गं!”

काकांनी तोंड उघडलं. पण सुभेदार उठून उभे राहिले होते, डोळे पुसत, फोनकडे बघत. त्यांच्यापुढे सीमेवरच्या पोराचा हुकूम मोडायची कोणाची छाती झाली नाही. मावशीचे यजमान म्हणाले, “पोरीनं कान पिळायचा?” आणि बायकांच्या बाजूने एकदम दहा आवाज आले, “का? पोरीला हात न्हाईत?”

प्रतीक्षा पुढे झाली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि नवरदेवाचा कान धरून असा पिळला की तो “आई गं!” म्हणून उभाच राहिला. मला वाटतं त्यातला निम्मा पिळा माझ्या वाटणीचा होता. टाळ्या, शिट्ट्या. भावाला द्यायचा म्हणून नवऱ्याकडच्यांनी आणलेला पॅंट-शर्टचा कपडा आणि टोपी आता काय करायची, यावर त्यांच्यात कुजबुज झाली. शेवटी टोपी प्रतीक्षाच्या डोक्यावर ठेवली आणि कपडा तिच्या हातात दिला. माझ्या शेजारी आण्णा उभे होते. ते हसत हसत म्हणाले, “मला धोतरजोडी दिली हुती.”

मग पंगती बसल्या. मी वाढायला घेतलं. जिलेबीचं ताट घेऊन चार वेळा प्रतीक्षाच्या पंगतीवरून गेलो, पण ती ताटात बघत होती. काय झालं ते तिला समजलं होतं की नाही, आत्यांनी तिला किती सांगितलं होतं, मला काही अंदाज येईना.

संध्याकाळच्या आत वरात निघाली. नवरीसोबत पहिले दोन दिवस सासरी राहायला पाठराखीण जाते. इथे ती अर्थातच प्रतीक्षा होती. गाडीभोवती सगळे रडत होते. काका आणि मावशीचे यजमान तर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मी मागे उभा होतो. गाडीची मागची काच खाली झाली.

“ए माणदेशी! इकडे ये.”

मी वाट काढत गेलो. रडून तिचं नाक लाल झालं होतं. तिने तो कपडा खिडकीतून बाहेर धरला. निळसर, बारीक रेघांचा. “हे घे. मला काय करायचं पॅंट-शर्टचं? तुझ्या मापाचं हाय.”

कपडा चांगला होता. मला आवडला होता. आणि कोणी काही दिलं तर नाही म्हणणं मला जमत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. आजूबाजूला रोहित, अभि, काका, सगळे होते.

“नको,” मी म्हणालो.

“का?”

“ते भावाचं आहे.”

“मग?”

“मी भाऊ नाही.”

आरतीताईने रडणं थांबवून आमच्याकडे पाहिलं. नवरदेवाचा हात आपोआप कानाकडे गेला. प्रतीक्षाने कपडा आत ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“आत्यानं सांगितलं मला. कोण व्हायचंय ते म्हाईत न्हाई म्हणालास.”

“हो.”

“बुधवारी मी कॉलेजात येते. तवर शोधून ठेव.” आणि काच वर करता करता, “पाय बाजूला घे, चाक जाईल.”

गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे वळून दिसेनाशी झाली. सोमवारी सकाळी मी भिलवडीहून परतीची गाडी धरली. होस्टेलवर आल्यापासून सगळे विचारताहेत, कसं झालं लग्न, काय काय पाहिलंस. म्हणून हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता तरी काही उलगडेल असं वाटलं होतं.

आज मंगळवार आहे.